कोळशाच्या रुपयातील बारा पैसे : औष्णिक वीज आणि शेतीपंप

दुधनी हे अक्कलकोट तालुक्याच्या पूर्व टोकाचे, कर्नाटकाच्या सीमेवरील गाव. तूर, उडीद व हरभरा यांच्या आवकेमुळे येथील बाजार समिती परिसरात परिचित आहे. या भागात कालव्याचे पाणी थोडे आणि विहिरी-कूपनलिकांवर भिस्त जास्त. त्यामुळे मोटार कधी चालणार, रोहित्र जळाले तर किती दिवस लागणार, हा शेतकऱ्याच्या रोजच्या चिंतेचा विषय असतो. मात्र तारेतून येणारी वीज मुळात तयार कशी होते आणि तिच्यामागे किती इंधन व किती पाणी खर्ची पडते, याची माहिती फारशी नसते. पंप निवडताना, तुराट्यांचे काय करावे हे ठरविताना आणि उसाच्या चिपाडाची किंमत जाणून घेताना ही माहिती उपयोगी पडते. म्हणून सदर लेखात तिचा हिशेब मांडला आहे.

दुधनीहून रेल्वेने सोलापूरकडे जाताना अक्कलकोट रोड, तिलाटी ही स्टेशने मागे पडली की होटगी जंक्शन येते. होटगीजवळ, दक्षिण सोलापूर तालुक्यातील फताटेवाडी येथे एनटीपीसी या केंद्र शासनाच्या कंपनीचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्यात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे दोन संच असून पहिला २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाला. दोन्ही मिळून क्षमता १३२० मेगावॉट होते. तेथील वीज थेट दुधनीलाच येते असे मात्र समजू नये. सर्व केंद्रांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. दहा ओढ्यांचे पाणी एका तलावात आल्यावर चारीला लागलेले पाणी कोणत्या ओढ्याचे हे जसे सांगता येत नाही, तसेच हे आहे. तरीही आपल्या जिल्ह्यातील उदाहरण म्हणून हे केंद्र डोळ्यापुढे ठेवल्यास विषय समजण्यास सोपा जातो.

भट्टीपासून तारेपर्यंत

कोळसा हा दगडी ढेकळांच्या स्वरूपात रेल्वेने येतो, पण तो तसाच जाळला जात नाही. चुलीत जाड ओंडका धुमसतो आणि बारीक काटक्या भडकतात, हे सर्वांना माहीत आहे. जळण जितके बारीक, तितका हवेचा संपर्क अधिक. म्हणून कोळसा प्रथम मोठ्या चक्क्यांत पिठाहूनही बारीक दळला जातो आणि गरम हवेच्या झोताबरोबर भट्टीत फुंकला जातो. तेथे तो क्षणार्धात, हवेतल्या हवेत जळतो. भट्टीच्या भिंती विटांच्या नसून एकमेकींना चिकटून उभ्या केलेल्या पोलादी नळ्यांच्या असतात व त्या नळ्यांतून पाणी वाहत असते. या पाण्याची वाफ होते.

ही वाफ चहाच्या किटलीतील वाफेसारखी नसते. पाण्यावरील दाब वाढविला तर ते १०० अंश सेल्सियसला न उकळता अधिक तापमानाला उकळते. घरातील प्रेशर कुकरचे तत्त्व हेच. हा दाब वाढवीत सुमारे २२१ बारच्या पलीकडे नेला आणि तापमान ३७४ अंशांच्या वर गेले, तर पाणी व वाफ यांतील भेदच उरत नाही. बुडबुडे येणे, उकळणे हा प्रकारच होत नाही. ६६० मेगावॉटचे संच याच पद्धतीने चालतात. वाफेचे तापमान साडेपाचशे अंशांच्या वर असते. तापमान व दाब जितके जास्त, तितकी त्याच कोळशापासून वीज जास्त मिळते. नवीन संच मोठे आणि जास्त दाबाचे असण्यामागे हेच कारण आहे.

वाफ पुढे टर्बाइनमध्ये जाते. टर्बाइन म्हणजे एका दांड्यावर बसविलेल्या शेकडो पात्यांची चाके. पवनचक्कीला वारा फिरवितो तशी ही चाके वाफ फिरविते. दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५०. त्याच दांड्याला जनित्र जोडलेले असते. जनित्रात तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये विद्युतचुंबक फिरतो आणि वेटोळ्यांत वीज निर्माण होते. आपल्या मोटारीच्या पाटीवर '५० हर्ट्झ' असे लिहिलेले असते, ते या सेकंदाला ५० फेऱ्यांचेच माप होय. संपूर्ण देशातील जनित्रे एकाच तालात फिरत असतात. मागणी एकदम वाढली आणि निर्मिती तितकी नसली, तर सर्वांचा ताल किंचित मंदावतो. तो फार घसरू नये म्हणून कोठेतरी भार कमी करावा लागतो. जनित्रातून निघालेली वीज रोहित्राने ४०० किलोव्होल्टपर्यंत चढविली जाते आणि मनोऱ्यांवरील तारांतून पुढे जाते.

रुपयाचा हिशेब

उष्णता मोजण्याचे माप किलोकॅलरी हे आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. एक युनिट वीज म्हणजे ८६० किलोकॅलरी. परंतु चांगल्या प्रतीच्या नवीन संचातही एक युनिट तयार करण्यास सुमारे २२५० किलोकॅलरी उष्णता जाळावी लागते. भारतीय कोळशाच्या एका किलोत साधारणपणे ३५०० ते ४००० किलोकॅलरी उष्णता असते. म्हणजे एका युनिटला सुमारे ५६० ते ६४० ग्रॅम कोळसा लागतो.

कोळशातील उष्णतेचा एक रुपया मानला, तर त्यातील १२-१३ पैसे धुराड्यातून गरम धुरावाटे व इतर मार्गांनी निघून जातात. सुमारे ३८ पैशांची वीज होते. उरलेले ४९ पैसे, म्हणजे जवळजवळ निम्मा रुपया, टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेबरोबर जातो. ही वाफ पुन्हा पाणी करून बॉयलरमध्ये पाठवावयाची असते. त्यासाठी तिला थंड पाण्याच्या नळ्यांवरून नेतात व तिची सर्व उष्णता त्या पाण्याला दिली जाते. या पाण्याचे तापमान ४० अंशांच्या आसपासच असते, त्यामुळे त्या उष्णतेचा पुढे उपयोग होत नाही.

हा निम्मा रुपया वाया जातो यात केंद्र चालविणाऱ्यांचा हलगर्जीपणा आहे, असा समज करून घेऊ नये. उष्णतेचे कामात रूपांतर करताना काही उष्णता थंड बाजूला सोडावीच लागते, हा निसर्गाचा नियम आहे. पाणी उंचावरून खाली पडले तरच चाक फिरते आणि खाली पडलेले पाणी पुढे वाहून जावे लागते, तसेच उष्णतेचे आहे.

आता ३८ पैशांचे पुढे काय होते ते पाहू. केंद्रातील चक्क्या, पंखे, पंप यांनाच सुमारे सहा टक्के वीज लागते. राहिले सुमारे ३६. तारा, रोहित्रे व वितरण यांत १५ ते २० टक्के गळती धरली, तर शेतातील मीटरपर्यंत सुमारे ३० पैसे पोचतात. मोटारीची कार्यक्षमता ८०-८५ टक्के असेल तर दांड्यावर २५ येतात. पंप चांगला असेल तर ६० टक्के, राहिले १५. पाइपातील घर्षण, बाक आणि फूट व्हॉल्व्ह यांत आणखी २-३ पैसे गेले. प्रत्यक्ष पाणी वर चढविण्याच्या कामी आले ते सुमारे १२ पैसे. मोटार दोन-तीन वेळा रिवाइंड केलेली असेल किंवा पंपाचा इंपेलर झिजलेला असेल, तर बाराचे आठही होतात.

हा हिशेब उलट बाजूने वाचला पाहिजे. शेतातील टोकाला वाचविलेली एका पैशाची शक्ती भट्टीतील आठ पैशांचा कोळसा वाचविते. केंद्रातील अभियंते अर्धा टक्का कार्यक्षमता वाढविण्यासाठी कोट्यवधी रुपये खर्च करतात, आणि आपण अरुंद तोंडाचा फूट व्हॉल्व्ह व दोन इंची पाइप बसवून पाच टक्के सहज घालवितो. अडीच किंवा तीन इंची पाइप, मोठ्या छिद्रांचा प्रमाणित फूट व्हॉल्व्ह आणि योग्य क्षमतेचा कपॅसिटर यांचा खर्च एक-दोन हंगामांत वसूल होतो. वीज सवलतीत मिळाली तरी पाणी कमी पडणे, मोटार तापणे आणि रोहित्रावर भार येणे हे नुकसान शेतकऱ्याचेच असते.

रात्रीची वीज का?

शेतीपंपांना आठवड्याआड दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज, हे चक्र राज्यात वर्षानुवर्षे चालत आले. रात्री-अपरात्री विंचू-सापाच्या भीतीने दारे धरण्यास जावे लागते, ही रास्त तक्रार आहे. त्यामागील एक कारण भट्टीत आहे. कोळशाचा संच विजेच्या दिव्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. थंड पडलेला संच पुन्हा पूर्ण भारावर आणण्यास कित्येक तास जातात, सुरुवातीला महागडे तेल जाळावे लागते आणि जाड पोलादी भाग वारंवार तापून-थंडावून तडकतात. म्हणून तो रात्रीही किमान भारावर चालू ठेवतात. केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१६ मध्ये केंद्रीय केंद्रांसाठी ही किमान मर्यादा ५५ टक्के ठरविली होती. मध्यरात्रीनंतर शहरे व कारखाने यांची मागणी उतरते, पण भट्टी पेटलेलीच असते. ती वीज खपविण्यासाठी शेतीचा भार रात्रीकडे ढकलला गेला.

सौर ऊर्जेमुळे हे गणित फिरू लागले आहे. ऊन असते तेव्हा सौर वीज भरपूर मिळते व कोळशाच्या संचांना दुपारी मागे सरावे लागते. सूर्य मावळला की त्यांनाच झपाट्याने वर यावे लागते. शेतीवाहिन्या सौर प्रकल्पांना जोडून दिवसा वीज देण्याची राज्य शासनाची योजना शेतकऱ्याच्या सोयीची तर आहेच, पण विजेच्या जाळ्याच्याही सोयीची आहे.

पाणी आणि राख

वर सांगितलेले ४९ पैसे म्हणजे एका युनिटमागे सुमारे ११०० किलोकॅलरी. ही उष्णता शीतकरण मनोऱ्यांत पाण्याची वाफ करून हवेत सोडली जाते. एक लिटर पाण्याची वाफ होण्यास अशा तापमानाला ५८० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे युनिटमागे जवळजवळ दोन लिटर पाणी नुसते आकाशात जाते. इतर वापर धरून नवीन केंद्रांसाठी पर्यावरण मंत्रालयाची मर्यादा युनिटमागे तीन लिटर आहे. मनोऱ्यावर पांढरे ढग दिसतात तो धूर नसून हे पाणी होय.

फताटेवाडी येथील दोन्ही संच दिवसभर पूर्ण भारावर चालले, तर सुमारे ३ कोटी १७ लाख युनिट वीज होते. तीन लिटरप्रमाणे दररोज साडेनऊ कोटी लिटर पाणी. साडेसात सेंटिमीटरची एक पाळी धरल्यास एवढ्या पाण्यात १२६ हेक्टर क्षेत्राचे एक ओलीत होते. केंद्राचे पाणी उजनी जलाशयातून नळाने येते आणि त्याच उजनीवर जिल्ह्यातील ऊस, सोलापूर शहर व अनेक गावांच्या पाणी योजना अवलंबून आहेत. अवर्षणप्रवण जिल्ह्यात असे केंद्र उभारताना पाण्याचा प्रश्न कोळशाच्या प्रश्नाइतकाच मोठा असतो. परळी वैजनाथ येथील औष्णिक केंद्र फेब्रुवारी २०१३ मध्ये पाण्याअभावी पूर्ण बंद ठेवावे लागले होते. कोळसा होता, माणसे होती, पण गोदावरीत पाणी नव्हते.

त्याच हिशेबाने पूर्ण भारावर दररोज सुमारे २० हजार टन कोळसा, म्हणजे मालगाडीचे पाच रेक लागतात. भारतीय कोळशात ३० ते ४० टक्के राख असते. ही राख धुराबरोबर जाऊ नये म्हणून विजेच्या प्रभाराने तिचे कण पकडणारी यंत्रणा धुराड्याआधी बसविलेली असते व ती ९९ टक्क्यांहून अधिक राख अडविते. राखेपासून विटा व सिमेंट तयार होते. वीज केंद्राच्या परिसरातील वीटभट्ट्यांना राख मिसळणे बंधनकारक करणारी केंद्र शासनाची अधिसूचना सप्टेंबर १९९९ मध्ये निघाली. तिचा एक हेतू शेताची वरची सुपीक माती विटांसाठी खरवडली जाऊ नये हा होता. चार पैशांसाठी माती विकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. राख शेतात मिसळावयाची असल्यास माती व राख या दोहोंची तपासणी केल्याशिवाय मिसळू नये.

साखर कारखान्यातील शहाणपण

निम्मा रुपया वाया न घालविण्याचा एक मार्ग आहे आणि तो आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांना चांगला माहीत आहे. साखर कारखान्याला रस आटविण्यासाठी मोठ्या प्रमाणावर मंद दाबाची वाफ लागते. तेव्हा जास्त दाबाची वाफ आधी टर्बाइनमधून काढून वीज करावयाची आणि बाहेर पडलेली, अजून १२० अंशांच्या वर असलेली वाफ रस आटविण्यास द्यावयाची. येथे ती थंड करून फेकून द्यावी लागत नाही. यालाच सहवीजनिर्मिती म्हणतात. बगॅसच्या रुपयातील साठच्या आसपास पैसे अशा रीतीने कामी येतात.

एक टन उसापासून २८० ते ३०० किलो बगॅस मिळते. त्यात निम्मे पाणी असते, त्यामुळे किलोमागे उष्णता सुमारे २२५० किलोकॅलरीच. जुन्या कारखान्यांत २१ किंवा ३२ किलो दाबाचे बॉयलर असत. बगॅस कसे संपवावे हीच तेव्हा अडचण असल्यामुळे ते काटकसरीने जाळण्याचे कारण नव्हते. १९९० नंतरच्या दशकापासून ६७, ८७ व पुढे ११० किलो दाबाचे बॉयलर आले आणि स्वतःची गरज भागवून वीज विकता येऊ लागली. मात्र गळीत हंगाम संपल्यावर साठविलेल्या बगॅसवर केवळ विजेसाठी संच चालविला, तर रस आटविणे नसते, वाफ थंडच करावी लागते आणि कारखाना हा साध्या औष्णिक केंद्रासारखाच होतो. ऊस उत्पादक सभासदांनी वार्षिक सभेत साखर उताऱ्याबरोबर टनामागे किती युनिट वीज विकली, हा आकडाही विचारावा.

तुराट्यांची किंमत

तुरीच्या धान्याच्या अडीच ते तीन पट वजनाच्या तुराट्या निघतात. एकरी सहा क्विंटल तूर झाली तर १५ क्विंटल तुराट्या धरावयास हरकत नाही. वाळलेल्या तुराटीत किलोमागे सुमारे ३८०० किलोकॅलरी उष्णता असते, म्हणजे आपल्या कोळशाच्या बरोबरीची. राख मात्र अगदी थोडी. एका एकरातील १५ क्विंटल तुराट्यांपासून वीज केंद्रात सुमारे २५०० युनिट वीज होऊ शकते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साडेचार युनिट घेतो. ५०० तासांच्या हंगामाला मीटरवर २२५० युनिट होतात व गळती धरून केंद्रात सुमारे २९०० युनिट तयार करावी लागतात. एका एकराची तुराटी अशा रीतीने एका पंपाच्या हंगामाच्या जवळपास जाते. आणि आपण ती बांधावर पेटवून मोकळे होतो.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाबरोबर पिकांच्या अवशेषांच्या कांड्या (पेलेट) जाळण्याचे धोरण आणले. २०२३ मधील सुधारणेनुसार २०२४-२५ पासून किमान पाच टक्के प्रमाण ठरविण्यात आले. तुराट्या जशाच्या तशा भट्टीत घालता येत नाहीत, कारण त्या कोळशाच्या चक्कीत दळल्या गेल्या पाहिजेत. म्हणून त्यांचा भुगा करून, दाबून कांड्या कराव्या लागतात. प्रमाण थोडे ठेवण्याचे कारणही आहे. पिकांच्या अवशेषांतील पालाश व क्लोराइड यांमुळे राख लवकर वितळून नळ्यांना चिकटते. पाच टक्के ऐकावयास थोडे वाटते. पण २० हजार टनांचे पाच टक्के म्हणजे रोज हजार टन, म्हणजे रोज साडेसहाशे एकरांवरील तुराट्या. एवढी गोळाबेरीज कोण करणार हाच खरा प्रश्न आहे. तुराटी हलकी व जागा खाणारी असते. सुटी तुराटी ट्रॉलीत भरून तीस-चाळीस किलोमीटर नेल्यास भाड्यातच पैसे जातात. तेव्हा कांड्या करणारे यंत्र गावाजवळ असेल आणि शेतकरी गटाने कुट्टी करून माल दिला, तरच हा व्यवहार परवडेल असे आमचे मत आहे.

सर्वच अवशेष विकावेत असे मात्र नाही. ज्वारीचा कडबा हा जनावरांचाच आहे; तो भट्टीत घालण्याची भाषा कोणी केल्यास त्याकडे लक्ष देऊ नये. हरभऱ्याचे भुसकट तसेच. तुरीचा पाला गळून जमिनीतच राहतो, ही तुरीची जमेची बाजू आहे. परंतु हलक्या, मुरमाड जमिनीत सेंद्रिय कर्ब कमी असेल तर निम्म्या तुराट्यांची यंत्राने बारीक कुट्टी करून कंपोस्ट खड्ड्यात टाकाव्यात. घरच्या चुलीला लागणारे सरपण आधी बाजूला काढावे. साध्या चुलीत रुपयातील दहा-पंधरा पैसेच कामी येतात, म्हणून सुधारित चूल वापरल्यास निम्मे सरपण पुरते.

विक्री करावयाची असल्यास तुराट्या काढणीनंतर उन्हात उभ्या रचून तीन-चार आठवडे वाळवाव्यात आणि पावसाआधी झाकाव्यात. ओल्या मालातील प्रत्येक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता जाते. खरेदीदार ओलाव्याची कपात करतो ती या हिशेबाने. मुळाला चिकटलेली माती झटकावी, कारण मातीमुळे राख वाढते व भाव कापला जातो. सौदा ट्रॉलीवर न करता वजनकाट्यावर करावा. कांड्यांची किंमत उष्णतेवर ठरत असल्याने ओलावा किती टक्के धरला, तो कोणी मोजला आणि भाव शेतावरचा की कारखान्यावरचा, हे माल भरण्यापूर्वी लेखी घ्यावे.